नवं इंजिन, जुनी नळी

तापोळ्याच्या काठावर वॉटर स्कूटर बटण दाबताच सुरू होते. मंद गतीला धडधडही नीट असते. पाण्यात थोडं आत नेऊन पूर्ण रेस दिली, की दोन-तीन सेकंद जोर धरते आणि मग गुदमरल्यासारखी बसते. रेस सोडली की पुन्हा सुरळीत. जुनं इंजिन जाम झालं म्हणून आठवड्यापूर्वीच दुसरं बसवलेलं असेल, तर काठावरचा प्रत्येक जण एकच निदान करतो: इंजिनच खराब गळ्यात मारलं.

हे निदान मला घाईचं वाटतं. इंजिन बदललं तरी टाकी जुनीच असते, पेट्रोलच्या नळ्या जुन्या, बऱ्याचदा कार्बोरेटर जुना आणि पाणी फेकणारा पंप तर हमखास जुना. शिवाय पहिलं इंजिन जाम कशामुळे झालं होतं? त्याचं कारण या जुन्या सामानात असेल, तर दुसरं इंजिनही त्याच वाटेने जाणार.

इंजिनावरचा संशय आधी मिटवून टाकावा. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचा आणि रेस पूर्ण उघडी धरून स्टार्टर मारायचा. दोन्ही सिलिंडरचे आकडे मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आसपास आणि एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत आले, तर पिस्टन आणि रिंगा बहुधा शाबूत आहेत. मग नळ्यांकडे वळायचं.

सातारा-सांगलीच्या मिस्त्र्यांचा इंजिनाचा कान तयार आहे. १९१० पासून किर्लोस्करवाडी आणि १९२२ पासून साताऱ्यातलं कूपर, अशी इथली कारखान्यांची परंपरा आहे. विहिरीवरचं डिझेल इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसं या भागात भेटतात. पण जुन्या वॉटर स्कूटरमधल्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा श्वास वेगळा. डिझेलच्या क्रँककेसमध्ये फक्त तेल असतं. इथे मात्र हवा, पेट्रोल आणि तेल यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये चढतं. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते, खाली आला की दाब.

जुन्या टू-स्ट्रोक वॉटर स्कूटरमधला पेट्रोलचा पंप याच ओढ-दाबावर चालतो. त्याला वीज लागत नाही. क्रँककेसपासून पंपापर्यंत पेन्सिलीएवढी एक नळी जाते आणि तिच्यातल्या ठोक्यांनी पंपातला पातळ पडदा मागेपुढे हलतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठोके. इंजिन बदलताना ही नळी निघते, आणि परत लावताना कुणी पेट्रोलचीच मऊ नळी कापून जोडतो. मऊ नळी ठोक्यासरशी फुगते, आक्रसते आणि ठोका वाटेतच जिरतो. मंद गतीला लागतं तेवढं पेट्रोल कसंबसं येतं, पण पूर्ण रेसला पंप पुरा पडत नाही. जाड भिंतीची, आखूड नळी लावली की तेच 'खराब' इंजिन पळायला लागतं.

दुसरी चाचणी तर फुकट आहे. गाडी बसायला लागली की बंद करून टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर टाकीत हवा घेणारी नळी तुंबली आहे. पेट्रोल बाहेर येतं, त्या जागी हवा जात नाही. फक्त स्टार्टर मारण्याआधी हूड उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची, यात हयगय नको.

किनाऱ्यावरून आणलेलं इंजिन असेल, तर 'उंचीमुळे असं होतं' हे हमखास ऐकू येतं. हिशेब करून पाहू. तापोळ्याचा शिवसागर जलाशय भरला की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटरवर असतं. तिथली हवा मालवणपेक्षा सहा-सात टक्के विरळ. कार्बोरेटरमधून पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल तीनेक टक्के जास्त पडतं. एवढ्याने इंजिन बसत नाही.

उलट काळजी करायला हवी ती पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या पेट्रोलची. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचंही असू शकतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर सेट केलेल्या जुन्या कार्बोरेटरला हे इंधन सात-आठ टक्के कमी पडतं. उंचीने वाढलेलं इथे वजा होऊन वर तूट उरते. टू-स्ट्रोकला ही तूट महागात पडते. मिश्रण सुकं झालं की पिस्टन तापतो आणि लायनरला धरतो. त्यात कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केट नीट बसलं नसेल, तर इंजिन तिथूनही हवा घेतं. इंजिन मंद गतीला चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी टाका. साबण आत ओढला जाऊन आवाज बदलला, तर जागा सापडली. काठावर चालवताना पाण्याचा पाइप जोडत असाल, तर आधी इंजिन सुरू, मग नळ; बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटा क्रम झाला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये येतं.

फेरे चढतात पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर इंजिन सोडून पाणी फेकणाऱ्या पंपातला इंपेलर पाहा. त्याची पाती आणि भोवतालचं कडं यांत मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट हवी. उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी ओसरलं की काठाजवळचे खडे ही पाती खातात.

सांगलीत हा विषय मौजेचा उरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गल्ल्यांतून बोटी फिरल्या. पुराच्या बोटीचं इंजिन वर्षातले बरेच महिने उभं असतं, टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल तसंच राहून. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की ते पाण्यासह वेगळं होऊन तळाशी बसतं. त्या थरात टू-स्ट्रोकचं तेल मिसळत नाही, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. जूनच्या आधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, सावलीत तासभर न हलवता ठेवावं. बिघडलेलं असेल तर मध्ये आडवी रेघ दिसते, वर रंगीत पेट्रोल आणि खाली जवळजवळ पाण्यासारखा, बोटभर थर.