विहिरीतले विष आणि आकाशातले ऊन

यंदा आमच्या सोयाबीनवर अळी पडली. दादांनी फवारणी केली आणि संध्याकाळी पंप विहिरीच्या काठावरच धुतला. ते पाणी विहिरीत गेले. सकाळी बघते तर चार मासे उलटे होऊन तरंगत होते. आम्ही तेच पाणी पीत होतो. मी फार भ्याले. आजी म्हणाली, "उकळून पेलं की काय व्हत नाही."

मी शाळेत बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "उकळल्याने जंतू मरतात. तुरटीने गाळ खाली बसतो. पण पाण्यात मिसळलेले कीटकनाशक त्याने जाईलच असे नाही."

मग बाईंनी एक नवलाची गोष्ट सांगितली. पांढऱ्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइड नावाची पूड असते. तिचे अतिशय बारीक कण करतात. त्यांना नॅनो कण म्हणतात. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर! गुळाच्या खड्यापेक्षा गुळाचा चुरा चहात लवकर विरघळतो ना? तसेच कण बारीक असले की काम लवकर होते.

या कणांवर उन्हातले अतिनील किरण पडले की ते जणू जागे होतात. पाणी आणि हवा यांच्यापासून ते फार जोरदार रेणू तयार करतात. हे रेणू विषाचे तुकडे तुकडे करतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. पूड मात्र संपत नाही.

१९७२ साली जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी या पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचेच विघटन करून दाखवले. मग जगभर असे प्रयोग सुरू झाले. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही प्रकाशाने पाण्यातली घाण नष्ट करण्याचे संशोधन झाले आहे.

पण अडचणीही आहेत. गढूळ पाण्यात ऊन आत शिरत नाही. उन्हात अतिनील किरण थोडेच असतात. नंतर पूड पाण्यातून परत काढावी लागते. आणि काम अर्धवट राहिले तर विषाचे तुकडेही घातक ठरू शकतात. म्हणून रंगाची पूड घरी पाण्यात कधीच टाकू नये!

मी दादांना सारे सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. पण पुढच्या फवारणीला त्यांनी पंप विहिरीपासून लांब, रानातच धुतला आणि धुतलेले पाणी पिकावरच फवारले. आता पिण्याचे पाणी आम्ही हातपंपावरून आणतो.

पाण्यात गेलेले विष काढायला एवढे शास्त्रज्ञ लागतात. ते जाऊ न देणे आपल्या हातात आहे. मित्रांनो, तुमच्या घरी पंप कुठे धुतात? आजच विचारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी