पाय नाही, माप चुकलंय!

‘काय गं हे फताडे पाय तुझे!’ लहानपणी चपला घ्यायला गेलं की आईचा हा डायलॉग ठरलेला. दुकानदार गालातल्या गालात हसायचा आणि मी एक साइझ मोठी घेऊन मोकळी व्हायचे. हीच सवय परवा भोवली. मैत्रिणीच्या रिसेप्शनसाठी हौसेनं वेजेस घेतल्या. नंबर माझा सहा, पण करंगळी दबत होती म्हणून घेतल्या सात. हॉलच्या पायऱ्या उतरताना टाच सुटली, पाय मुरगळला आणि सगळे नाचत असताना मी कोपऱ्यात बर्फ लावत बसले!

तर मैत्रिणींनो, धडा पहिला : रुंदीचा प्रश्न लांबीनं सुटत नाही. मोठ्या साइझमध्ये पाय पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा पट्ट्यातच चेंगरतात.

आणि आपले पाय ‘वेगळे’ वगैरे नाहीत हं! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष? भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद. आपण मात्र त्यांच्याच नंबरांत पाय कोंबतोय.

मग हील्सना कायमचा रामराम? छे! वेजेस आहेत ना. पेन्सिल हीलमध्ये टाच टिकलीएवढ्या जागेवर तोलावी लागते. वेजचा तळ सलग, त्यामुळे तोल सांभाळणं सोपं. फक्त उंचीचं गणित बघा. मागे तीन इंच आणि पुढे एक इंचाचा प्लॅटफॉर्म असेल, तर चढ दोनच इंचांचा. चढ कमी, तितका चवड्यावरचा भार कमी.

खरेदीला जाताना एवढं कराच :

• संध्याकाळी जा. दिवसभराच्या धावपळीनं पाय थोडे सुजलेले असतात.

• कागदावर उभं राहून दोन्ही पायांची आउटलाइन काढा, कापा आणि सँडलच्या तळव्यावर ठेवा. कागद बाहेर डोकावला तर ती सँडल तुमची नाही.

• चवड्यावर आणि घोट्याशी बकल किंवा वेल्क्रोचे पट्टे हवेत. पट्ट्याची शिवण करंगळीवर नको.

• ‘वापरून सैल होईल, मॅडम’ यावर भुलू नका. लेदरचे पट्टे थोडे सैलावतात, पण तळवा काही रुंद होत नाही.

• गालिच्यावर नाही, फरशीवर चालून बघा.

गेल्या शनिवारी पर्समध्ये कागदी पाय घालून मी लिंकिंग रोड गाठला. सेल्समन आधी चक्रावला, मग त्यानंच हौसेनं सात-आठ जोड काढले. शेवटी मिळाले. नंबर सहा, ऐसपैस, तपकिरी. घरी आईला घालून दाखवले. तिनं निरखून पाहिलं, मग हळूच आपली चप्पल काढली आणि म्हणाली, ‘माझाही कागद काढ गं.’

तिचेही पाय फताडेच की!