‘1934’ हे जन्मसाल नव्हे

गांधीहत्येत वापरलेलं बेरेटा पिस्तूल 1934 सालचं होतं, असं जागोजागी वाचायला मिळतं. ते कशावरून ठरवलं, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या एका वाचकांनी विचारलं आहे. प्रश्न नेमका आहे. 1934 हे त्या मॉडेलचं नाव. महायुद्धानंतरही हे मॉडेल कित्येक वर्षं बनत राहिलं, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून पिस्तुलाचं वय ठरत नाही.

मग साल कुठे सापडतं? डाव्या अंगाला, मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी स्लाइडवर. तिथे बेरेटाचं नाव, ‘9 कोर्तो’ हे गोळीचं माप आणि मॉडेल कोरलेलं असतं. त्याखाली गार्दोने हे कारखान्याचं गाव, घडणीचं साल आणि त्याला जोडून एक रोमन आकडा. हा आकडा फॅसिस्ट कालगणनेचा. तिचं वर्ष ऑक्टोबरअखेर बदलायचं, कारण मोजणी सुरू झाली ती ऑक्टोबर 1922 मधल्या मुसोलिनीच्या रोम मोर्चापासून. म्हणून 1937 पुढे रोमन पंधरा असेल तर पिस्तूल ऑक्टोबरअखेरीच्या आतलं, सोळा असेल तर वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांतलं. जुन्या पत्रावर शके 1858 आणि सन 1937 एकत्र दिसले की ते पाडव्याआधीचं, हे आपण ओळखतोच! सत्तेचा दिमाख मिरवायला कोरलेला आकडा आज अभ्यासकांना महिन्यांपर्यंत नेऊन सोडतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1943 मध्ये मुसोलिनी पडला आणि पुढे हा आकडाही गेला.

गांधीहत्येच्या खटल्यात पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला आहे: 606824. हेच ते पिस्तूल, दुसरं नव्हे, एवढं न्यायालयाला त्यावरून पक्कं सांगता येतं. वयासाठी मात्र तो एकटा पुरत नाही. या मॉडेलची मोजणी एकपासून सुरू झाली नव्हती, आणि क्रमांकात साल दडलेलं नाही. आगेमागे क्रमांक असलेल्या, साल कोरलेल्या पिस्तुलांशी तो ताडून पाहावा लागतो. गोडसे-आपटेंनी हे पिस्तूल ग्वाल्हेरमध्ये मिळवलं. ते मुळात इटालियन लष्करी अधिकाऱ्याकडचं होतं, ही कथा तपासायची तर सांगाड्यावर मुकुट आणि ‘आर.ई.’ ही शाही सैन्याची अक्षरं आहेत का, ते आधी पाहायला हवं.

क्रमांकाचं खरं सामर्थ्य दिसलं ते साराजेव्होच्या बाबतीत. 1914 मध्ये आर्चड्यूक फर्डिनांडवर प्रिन्सिपने गोळी झाडली ती ब्राउनिंगच्या 1900 मॉडेलमधून, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापून येत होतं. खटल्यातले क्रमांक जुळवल्यावर पिस्तूल 1910 मॉडेलचं निघालं, क्रमांक 19074. ते आता व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्याची गोळी आणि बेरेटाची ‘9 कोर्तो’ एकच. ती घडवली जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने. गांधीहत्येच्या हकिकतीत त्याचं नाव कधी येत नाही.

ते येतं नाशिकच्या हकिकतीत. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग चालवलं, इतकंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पण तोवर बेल्जियमच्या कारखान्याने ब्राउनिंगची 1900, 1903 आणि 1906 अशी तीन मॉडेलं बाजारात आणली होती, आणि तिन्हींच्या गोळ्या वेगवेगळ्या. त्या खटल्याचे मूळ कागद हाताळणाऱ्यांनी क्रमांकाबरोबर गोळीचं मापही टिपून घ्यावं.