हिमकणांचा छायाचित्रकार

कळ दाबताच चित्र उमटते. म्हणून छायाचित्रण ही फार सोपी कला आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु कॅमेरा हे केवळ साधन होय. सूक्ष्म दृष्टी, धीर आणि विषयाविषयी उत्कट प्रेम हे गुण ज्याच्या अंगी असतात, तोच खरा छायाचित्रकार. अमेरिकेतील विल्सन बेंटली हा शेतकरी असा छायाचित्रकार होता.

बेंटलीचा जन्म १८६५ साली व्हर्माँट राज्यातील जेरिको या गावी झाला. तेथे हिवाळ्यात सारी शेते बर्फाखाली झाकून जातात. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिच्यापाशी एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र होते. विल्सन १५ वर्षांचा असताना ते त्याला मिळाले. त्याने त्याखाली एक हिमकण ठेवला आणि तो थक्क झाला. नुसत्या डोळ्यांना कापसाच्या तंतूसारखा दिसणारा तो कण म्हणजे सहा पाकळ्यांचे रेखीव फूलच होते! विल्सन अशा कणांच्या आकृत्या कागदावर काढू लागला. पण आकृती पुरी होण्यापूर्वीच कण वितळून जाई. एकदा वितळलेला कण जगाला पुन्हा कधीच दिसणार नाही, याची त्याला हळहळ वाटे.

यावर छायाचित्र हाच उपाय होता. सूक्ष्मदर्शक यंत्राला जोडावयाचा कॅमेरा फार महाग होता. वडिलांना हा उद्योग निरर्थक वाटे. तरीही मुलासाठी त्यांनी तो घेऊन दिला. अनेक प्रयत्न फसले. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या १९ व्या वर्षी, विल्सनला हिमकणाचे छायाचित्र साधले.

हिमवर्षाव सुरू झाला की तो काळी फळी घेऊन उभा राही. तीवर पडलेल्या कणांतील निर्दोष कण निवडून तो काडीने अलगद उचली, काचेवर ठेवी आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच बसवी. श्वासाची ऊब लागली तरी कण नाहीसा व्हावयाचा. म्हणून हे सारे थंडगार खोलीत, श्वास रोखून करावे लागे. त्या काळी चित्र प्रथम काचेच्या तबकडीवर उतरत असे. कण उठून दिसावा म्हणून तबकडीच्या दुसऱ्या प्रतीवर कणाभोवतीचा भाग तो चाकूने चिकाटीने खरवडीत बसे.

पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी रचनेत जोडले जातात. म्हणून हिमकणाला बहुधा सहा बाजू असतात. ढगातून खाली येताना प्रत्येकाला निराळी थंडी व निराळा ओलावा लाभतो. त्यामुळे नक्षीही निराळी होते. बेंटलीने आयुष्यभरात ५,००० हून अधिक हिमकणांची चित्रे घेतली. परंतु अगदी एकसारखे दोन कण त्याला आढळले नाहीत.

शेजारी त्याला विक्षिप्त समजत. या छंदापायी त्याला धन मिळाले नाही. चित्रांच्या प्रती तो अल्प किमतीत देई. कारण आपण पाहिलेले सौंदर्य इतरांनीही पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती. १९३१ साली त्याच्या २,००० हून अधिक चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी, ऐन हिवाळ्यात, जेरिको येथेच त्याचे निधन झाले.

बेंटलीच्या अंगणात पडणारे हिमकण गावातील प्रत्येकाच्या अंगणात पडत होते. लोक ते तुडवून पुढे जात. तो मात्र थांबून पाहत असे. खऱ्या छायाचित्रकाराचे वेगळेपण यातच आहे.