त्या गोल गोल बोड्या...

भंडारा जिल्ह्यातला माणूस जगात कुठंही नेऊन सोडा, तो आधी धान शोधतो. व्हिएतनाममध्ये हनोईहून ह्युएला जाणाऱ्या गाडीत आम्हा दोघांचं तेच झालं. सकाळी सहाला गाडी सुटली. शहर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना हिरव्यागार बांध्या सुरू झाल्या. "रोवणी होऊन महिना-दीड महिना झाला असेल," सौ. म्हणाली. धानाच्या बाबतीत तिचा अंदाज चुकत नाही.

ही सहल मुलानं ठरवून दिलेली. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत छत्तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो होतो. मार्च 2025 ची तिकिटं आधीच काढलेली होती आणि 24 जानेवारीला निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं, आठ कामगार गेले. वसाहतीत कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. "अशात फिरायला जायचं?" सौ.नं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पैसे भरले होते म्हणून निघालो, हेच खरं.

हनोई ते सायगाव हा लोहमार्ग 1,726 किलोमीटरचा आणि मीटरगेज. आपल्या जुन्या गोंदिया-जबलपूर छोट्या लाइनीपेक्षा थोडा रुंद, एवढंच. फ्रेंचांनी तो 1936 मध्ये पुरा केला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली आणि रूळही तुटले. युद्ध संपल्यावर 1976 च्या शेवटच्या दिवशी गाडी पुन्हा सलग धावली. हनोई ते ह्युए म्हणजे त्यातला सुमारे 690 किलोमीटरचा टप्पा. अख्खा दिवस जातो.

दुपारी जेवणाची ढकलगाडी आली. सौ.नं आपला 'चाय' मागितला. विक्रेती हसून मान डोलवत गेली आणि भात, उकडलेली भाजी घेऊन आली! मागाहून कळलं, त्यांच्या भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाच्या तलफेवर भात मिळाला, पण पोट भरलं.

डोंग होई स्टेशनवर एक म्हातारबाबा आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात समोर येऊन बसली. पोरीला इंग्रजी बरं येत होतं. ऊन उतरत होतं. धानाच्या बांध्यांमध्ये मधूनमधून पाण्याचे गोल साठे दिसू लागले. मी हौसेनं सौ.ला म्हटलं, "ही बघ, आपल्यासारखी बोडी!" ती बराच वेळ बघत राहिली. "बोडीला पाळ असते हो," ती म्हणाली. खरंच की! उताराचं पाणी अडवून केलेल्या आपल्या बोडीला एका अंगाला पाळ असते. इथं पाळ नव्हती. नुसतं वाटोळं पाणी आणि त्यात बदकं.

आमची बोटं कुठं वळली आहेत, हे बाबांनी पाहिलं. ते नातीशी काही बोलले. ती म्हणाली, "बॉम्बचे खड्डे आहेत ते."

पुढं बेन हाय नदी होती. 1954 च्या जिनिव्हा करारानं हीच दोन व्हिएतनाममधली सीमा झाली. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडं होतं. पोलंड आणि कॅनडा सोबतीला होते. देखरेख झाली, युद्ध टळलं नाही. नदीलगतच्या क्वांग त्री प्रांतावर इतका मारा झाला, की न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीतून निघतात. 1975 नंतर, म्हणजे युद्ध संपल्यावर, अशा स्फोटांत देशभर सुमारे 40,000 माणसं मेल्याचे सरकारी आकडे आहेत. बाबांचा धाकटा भाऊ त्यातलाच. शांततेच्या काळात, शेतात कुदळ मारताना गेला.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?"

छत्तीस वर्षं हा प्रश्न आला, की माझी छाती फुगायची. त्या दिवशी "कारखान्यात" एवढंच म्हणून थांबावंसं वाटलं. सौ. माझ्याकडं बघत होती. शेवटी सांगितलं, "तोफेचा गोळा ज्या दारूनं पुढं जातो, ती आम्ही करायचो."

पोरगी क्षणभर थबकली, मग तिनं आजोबांना सांगितलं. ते बाहेर बघत राहिले. आता ते उठून दुसरीकडं बसतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "तिथली माणसं संध्याकाळी धडपणे घरी येतात ना?"

मला बोलवेना. सौ.नंच बोटं दाखवली, आठ. पोरीला मी जानेवारीचं सांगितलं. बाबांनी पिशवीतून केळी काढली आणि सौ.च्या हातात दिली.

तिन्हीसांजेला गाडीनं बेन हाय ओलांडली. डोंग हाला ते दोघं उतरले. ह्युए येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

देशाला दारूगोळा लागतो, हे मला आजही पटतं. 1962 चं चिनी आक्रमण पाहिलेल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. पण माल गेटबाहेर गेला की आपलं काम संपलं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्याचं पुढं काय होतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. आता घराजवळच्या बोडीवरून जाताना माझी नजर आधी पाळ शोधते. ती दिसली, की बरं वाटतं.