जर्मनीत मनाच्या डॉक्टरकडे गेलं तर व्हिसा जातो का?

जर्मन भाषेच्या ए-वनच्या वर्गात डॉक्टरकडे जाण्याचा एक धडा हमखास असतो. डोकं दुखतंय, ताप आहे, खोकला थांबत नाही, हे सगळं त्यात शिकवतात. ‘तीन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही’ हे डॉक्टरांना कसं सांगायचं, ते मात्र त्या धड्यात नसतं.

२०२२-२३ पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती ४९ हजारांच्या पुढे गेली होती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, म्हणजे यापुढे फक्त इंजिनिअर नव्हे, नर्स आणि इलेक्ट्रिशियनही निघतील. तिथे पोचलेल्यांना कुठली बँक, कुठलं सिमकार्ड, डाळ कुठे मिळते ही माहिती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चोख मिळते. मनाच्या आजाराबद्दल मात्र तिथे बहुतेक ऐकीव गोष्टीच फिरतात. त्यातल्या काही तपासून पाहू.

गैरसमज १ : हा नुसता होमसिकनेस आहे. उन्हाळा आला की जाईल.

वस्तुस्थिती : घरची आठवण येणं हा आजार नव्हे, आणि हिवाळ्याचा परिणामही खरा आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. ऑफिसला जाता-येता दोन्ही वेळा अंधारच. पण बहुतेक दिवस, दिवसभर उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं सलग दोन आठवडे टिकलं, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर ते डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे. एप्रिलची वाट पाहत बसण्यात निम्मं सत्र निघून जातं.

गैरसमज २ : मानसोपचार घेतले की व्हिसा वाढत नाही, पीआर तर विसराच.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान करणारी अफवा हीच. जर्मनीत डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गोपनीयतेला कायद्याने बांधलेले आहेत. रुग्णाचं गुपित अनधिकृतपणे उघड करणं हा फौजदारी कायद्याच्या कलम २०३ खाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. याला मुख्य अपवाद जिवाला तातडीचा धोका असण्याचा. व्हिसा वाढवणारं कार्यालय तुमचा आरोग्य विमा आहे का ते पाहतं. त्या विम्यावर कुठले उपचार घेतले, हे त्याला कोणी कळवत नाही.

विद्यार्थ्याच्या व्हिसाला खरा धोका असतो तो रखडलेल्या अभ्यासाचा. उपचाराविना परीक्षा सुटत गेल्या की मुदतवाढीच्या वेळी प्रश्न विचारले जातात. त्या वेळी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि विद्यापीठाकडून आजारपणासाठी रीतसर घेतलेली सत्राची रजा हाताशी असली तर आपली बाजू मांडता येते.

एक गोष्ट मात्र खरी. पुढे खासगी आरोग्य विमा किंवा काम करण्याची क्षमता गमावल्यास भरपाई देणारा विमा काढताना आधीच्या उपचारांबद्दल विचारतात आणि तिथे खोटं लिहून चालत नाही. पण त्या विम्यासाठी आज उपचार टाळणं म्हणजे छत्री जपण्यासाठी पावसात भिजणं.

गैरसमज ३ : रजा घेतली की ऑफिसात सगळ्यांना कळेल.

वस्तुस्थिती : पूर्वीच्या कागदी दाखल्यावर डॉक्टरांचा शिक्का असे आणि त्यावरून अंदाज बांधता येई. २०२३ पासून सरकारी योजनेतल्या विमाधारकांसाठी हा दाखला इलेक्ट्रॉनिक झाला आहे. कंपनीला फक्त तारखा कळतात. आजाराचं नाव तर नाहीच, डॉक्टरांचंही नाही. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. त्यानंतर सरकारी विमा ढोबळ पगाराच्या ७० टक्के रक्कम देतो, पण ती निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नसते. पगाराचे सहा आठवडे धरून एकाच आजारासाठी ही मदत तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत मिळू शकते. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत मात्र काढून टाकण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण फारच कमी असतं, हे लक्षात ठेवावं.

गैरसमज ४ : तासाला शंभर युरो कोण देणार?

वस्तुस्थिती : तुम्ही सरकारी आरोग्य विम्यात असाल तर मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञाकडे खिशातून काहीच जात नाही. हाउसआर्ट्‌स्ट, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. विम्याचं कार्ड पुरतं. फक्त त्या तज्ज्ञाला सरकारी विम्याची मान्यता आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं.

अडचण होते ती स्वस्तातला खासगी विमा घेतलेल्यांची. भाषेच्या कोर्ससाठी आलेल्यांच्या किंवा तिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांच्या अशा पॉलिसीत मानसोपचार अनेकदा वगळलेले असतात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा मिळतो, पण सुरुवातीलाच त्यातून सूट मागून खासगी विमा घेतला तर तो निर्णय त्या शिक्षणापुरता मागे घेता येत नाही. महिन्याला काही युरो वाचवण्याआधी पॉलिसीतलं ‘काय मिळणार नाही’ हे पान वाचा.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक दार आहे. विद्यापीठाच्या गावातली ‘श्टुडिरेंडनवेर्क’ ही संस्था वसतिगृहं आणि मेस चालवते, तीच मानसिक समुपदेशनही देते. ते सहसा मोफत असतं आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही.

गैरसमज ५ : नंबर लागायला सहा महिने जातात, मग फोन तरी कशाला करायचा?

वस्तुस्थिती : ही तक्रार निम्मी खरी आहे. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या केंद्रीय मंडळाने २०१९ च्या आकडेवारीवरून हिशेब केला, तेव्हा पहिल्या भेटीपासून प्रत्यक्ष थेरपी सुरू होईपर्यंत सरासरी १४२ दिवस जात होते. पण रांग मोठी आहे म्हणूनच तिच्यात लवकर उभं राहायचं.

थेरपीआधी ‘श्प्रेखश्टुंड’ नावाची प्राथमिक भेट असते. ती मिळवण्यासाठी ११६११७ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा साधारण चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देते. कोणाकडे जायचं हे मात्र तुम्हाला निवडता येत नाही. त्या भेटीत तज्ज्ञ काय बिघडलंय ते पाहून एक लेखी शिफारस देतात. तो कागद जपून ठेवा. प्रकृती नाजूक असेल तर त्यात तातडीच्या उपचारांची गरज नोंदवता येते आणि त्यासाठी दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देण्याची तरतूद आहे.

तरीही कोणाकडेच जागा नसेल, तर कोणाला कधी फोन केला आणि काय उत्तर मिळालं याची तारीखवार वही ठेवा. त्या नोंदींच्या आधारे खासगी तज्ज्ञाचा खर्च देण्याची मागणी विमा कंपनीकडे करता येते. पहिला नकार आला तर लेखी हरकतही घेता येते.

गैरसमज ६ : पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल करतो. गोळ्या आई कुरिअर करेल.

वस्तुस्थिती : मराठीतून बोलण्याची गरज खरी आहे. ‘जीव घाबरा होतो’ हे जर्मनमध्येच काय, इंग्रजीतही नीट सांगता येत नाही. सरकारी विमा दुभाष्याचे पैसे देत नाही, आणि मराठी बोलणारा तज्ज्ञ तिथे सापडणं विरळाच. इंग्रजीतून उपचार करणारे मोठ्या शहरांत आहेत आणि तज्ज्ञांच्या ऑनलाइन यादीत भाषेनुसार शोधता येतं. तरीही मराठीतून बोलण्यासाठी भारतातल्या समुपदेशकाशी बोलत राहायला हरकत नाही, फक्त तो खर्च तिथला विमा देणार नाही.

गोळ्यांचं मात्र तसं नाही. युरोपीय संघाबाहेरून सामान्य माणसाने टपालाने किंवा कुरिअरने औषधं मागवायला जर्मनीत मनाई आहे. पाकीट कस्टममध्ये अडकतं. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला केमिस्टही औषध देत नाही. आणि डिप्रेशनची गोळी अशी अचानक तुटली तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो. म्हणून निघताना औषधाचं रासायनिक नाव, मात्रा आणि निदान लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या. ब्रँडचं नाव तिथे कोणी ओळखणार नाही. पोचल्यावर गोळ्या संपायची वाट न पाहता हाउसआर्ट्‌स्टला भेटा.

गैरसमज ७ : मी नवऱ्याच्या व्हिसावर आले आहे. मला वेगळा हक्क कुठला?

वस्तुस्थिती : नवरा सरकारी विम्यात असेल आणि पत्नीची कमाई नसेल, तर तिचा विमा सहसा जादा हप्त्याशिवाय होतो आणि तिला स्वतःच्या नावाचं कार्ड मिळतं. बिल परस्पर विम्याकडे जातं, नवऱ्याच्या हाती पडत नाही. ती एकटी डॉक्टरकडे जाऊ शकते आणि काय बोलली हे डॉक्टर घरी सांगत नाहीत. इथली नोकरी, माणसं, ओळख सोडून तिथे चार भिंतींत दिवस काढणाऱ्या बायकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. खासगी विम्यात बिलं सहसा विमाधारकाच्या नावाने येतात, तेव्हा ते आधी विचारून घ्यावं.

जीव नकोसा वाटू लागला तर यातलं काहीही करत बसू नका. ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे तुम्हाला परत पाठवणार नाहीत. फक्त बोलायचं असेल तर ०८०० १११ ० १११ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे संभाषण प्रामुख्याने जर्मनमध्ये होतं.

जर्मनीला निघाला असाल किंवा नुकतेच पोचला असाल, तर प्रकृती उत्तम असताना तीन कामं करून टाका : विम्याची अट वाचा, घराजवळचा हाउसआर्ट्‌स्ट शोधून नाव नोंदवा आणि ११६११७ फोनमध्ये साठवा. शिवाय ए-वनच्या धड्यात नसलेलं एक वाक्य पाठ करा, ‘मीअर गेट एस निश्ट गूट.’ म्हणजे ‘मला बरं वाटत नाहीये.’ पुढचं विचारणं डॉक्टरांचं काम आहे.