विंचू चावला? कळ नको, घाम बघा

भातकापणी सुरू झालीय, भारे उचलताना विंचू निघणारच. काळी इंगळी दिसायला मोठी, पण जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाचा ताण थेट हृदयावर येतो. नुसती कळ असेल तर धोका कमी. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, यातलं काहीही दिसलं की लगेच १०८ लावा. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्या.

आपल्या कोकणातच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. पूर्वी गंभीर रुग्णांत १०० मागे ३०-४० दगावायचे, ते प्रमाण १ च्या आसपास आलं. गोळी घरी देऊ नका, पहिल्याच गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

विंचू उतरवायला जाणारे अजून आहेत. साधी कळ तशीही काही तासांत उतरते, नाव मांत्रिकाचं होतं! गंभीर रुग्णाचे मात्र तेच तास वाया जातात.

भारा आधी काठीने हलवा, मगच हात घाला.